आईची प्रार्थना कुठल्या युगातली?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आमच्या बायबल अभ्यासगटात गेले काही महिने 'युगांनुसार वचन' हा विषय चालू आहे. शिकवणारे बंधू अभ्यासू आहेत, मनापासून शिकवतात. ते सांगतात की बायबलचा प्रत्येक भाग वेगळ्या काळातल्या वेगळ्या लोकांसाठी आहे. आपण कृपेच्या युगातले, म्हणून आपल्याला उद्देशून फक्त पौलाची पत्रं. येशूचं डोंगरावरचं प्रवचन यहुद्यांसाठी. यिर्मया 29:11 बाबेलच्या बंदिवानांसाठी. त्या वचनाखाली मी कित्येक वर्षांपूर्वी रेघ ओढली होती. आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थनाही मोशेच्या नियमशास्त्राच्या काळातली, ती आपण म्हणायचं कारण नाही. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला आमची नावं आठवत नाहीत, पण ती प्रार्थना अजून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत येते. रोज रात्री आम्ही दोघी म्हणायचो. आता ती म्हणते आणि मी गप्प बसते. त्यात मुलगा विचारतो, सगळं दुसऱ्यांसाठी लिहिलंय तर आपण वाचतो कशाला? आणि सगळं आपल्यासाठी असेल, तर लेवीयातले कापडाचे नियम का पाळत नाही? मी काय सांगू?"

प्रिय ताई,

"आता ती म्हणते आणि मी गप्प बसते." हे वाक्य वाचलं आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. माझं उत्तर लांबणार आहे, म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते: ती प्रार्थना तुमची आहे. युगांचा कुठलाही तक्ता ती तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही. का, ते पुढे सांगतेच. पण त्याआधी त्या बंधूंचं काय बरोबर आहे ते सांगायला हवं, कारण त्यांचं बरंच काही बरोबर आहे.

पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र उघडा. चौथ्या अध्यायाच्या तेराव्या वचनात पौल म्हणतो, त्रोवस शहरात कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना घेऊन ये, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. थोडं पुढे म्हणतो, हिवाळ्याच्या आत यायचं बघ. हेही पवित्र शास्त्रच आहे, पण ते वाचून आजवर कोणी झगा आणायला त्रोवसाला निघालेलं नाही. हे वाक्य एका माणसाने एका माणसाला लिहिलंय, हे आपल्याला कोणी न शिकवताच कळतं. तुरुंगात थंडी वाजणारा आणि तशातही पुस्तकं मागणारा पौल आपल्याला दिसतो, तो मात्र केवळ या वाक्यामुळे. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मला या झग्यातच दिसतं. लिहिलं तीमथ्याला. पोचलं आपल्यापर्यंत. आणि पोचताना काहीतरी देऊन गेलं.

काळाकाळातला फरक ही कोणा शिक्षकाच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. येशूनेच तो करून दाखवला आहे. परूश्यांनी विचारलं, मोशेने सूटपत्र देऊन बायकोला सोडण्याची मुभा दिली ती का? मत्तय 19:8 मध्ये येशूचं उत्तर आहे, की ती तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दिली होती, आरंभापासून तसं नव्हतं. 'अनुवाद' या मोशेच्या पुस्तकातलं ते वचन त्याने खोटं ठरवलं नाही. ते कोणासाठी आणि कशामुळे आलं हे सांगितलं आणि उत्पत्तीचं वचन त्याच्या आधी ठेवलं.

खाण्याचंच बघा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला अन्न म्हणून वनस्पती आणि फळं दिली. जलप्रलयानंतर नोहाला मांसाची मोकळीक मिळाली, फक्त रक्त वर्ज्य. सीनायपाशी इस्राएलाला शुद्ध-अशुद्ध प्राण्यांची लांबलचक यादी मिळाली, ती लेवीय 11 मध्ये आहे. मग यापोतल्या गच्चीवर भुकेल्या पेत्राला आकाशातून उतरणारी चादर दिसते. तिच्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी आहेत, आणि 'मारून खा' अशी वाणी होते. पेत्र म्हणतो, नको प्रभू, मी असलं कधीच खाल्लेलं नाही. हे तीनदा घडतं. बिचारा पेत्र हट्टी नव्हता, तो लेवीय 11 पाळत होता. काळ बदलला आहे हे त्याला अजून उमगायचं होतं, आणि ते उमगलं तेव्हा कुठे तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, कर्नेल्याचा उंबरठा ओलांडू शकला. म्हणून ज्यांना वाटतं की प्रत्येक वचन प्रत्येक माणसाला सारखंच लागू आहे, त्यांना 'मग जेवायचं काय' या साध्या प्रश्नाचंही उत्तर देता येणार नाही.

बंधू कुठे घसरतात ते आता सांगते. ते बहुधा 2 तीमथ्य 2:15 चा आधार देत असतील. सत्याचं वचन नीट हाताळणारा कामकरी हो, असं पौल तिथे सांगतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अक्षरशः अर्थ 'सरळ कापणे' असा आहे. त्यावरूनच 'वचनाचे भाग पाडा, हा तुकडा त्यांचा, हा आपला' अशी शिकवण निघाली. पण नीतिसूत्रांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, 3:6 मध्ये, हेच क्रियापद वाटेसाठी आलंय: तो तुझ्या वाटा सरळ करील. रान तोडून सरळ रस्ता काढणं, असं ते चित्र आहे. पौल तीमथ्याला वाटण्या करायला सांगत नव्हता, वचनातून सरळ वाट काढायला सांगत होता.

युगांचा जो तक्ता आज बऱ्याच अभ्यासगटांत फिरतो, त्याला आकार आला तो एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः जॉन नेल्सन डार्बी (1800–1882) या बायबल-शिक्षकाच्या शिकवणीतून. सायरस स्कोफिल्ड यांच्या 1909 च्या टीपांसह छापलेल्या बायबलमुळे तो घराघरात गेला. त्यात सात युगं आहेत: निरागसता, विवेक, मानवी शासन, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. वचन आणि टीप एकाच पानावर, वचन वर आणि टीप खाली. बरीच वर्षं असं वाचलं की शास्त्र कुठे संपलं आणि स्कोफिल्ड कुठे सुरू झाले हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही. त्या बंधूंना दोष द्यायला हे लिहीत नाही. टीपा उपयोगीही असतात. पण तक्ता हा तक्ताच आहे, ते वचन नव्हे. तुम्ही त्याच्याशी असहमत झालात म्हणून वचनाशी असहमत होत नाही. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकाराने (इंग्लंडमधल्या प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनी लिहिलेल्या श्रद्धेच्या निवेदनाने) 1640 च्या दशकात हाच प्रश्न वेगळ्या प्रकारे मांडला होता: कृपेचा करार एकच, काळाकाळात त्याची व्यवस्था वेगळी. म्हणजे काळ वेगवेगळे आहेत यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. भांडण एवढंच, की दोन काळांच्या मधे भिंत आहे की उंबरठा.

मला विचाराल तर उंबरठा. आणि भिंत बांधत गेलं की माणूस कुठे पोचतो तेही ख्रिस्ती मंडळीने फार पूर्वी पाहिलं आहे. दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या माणसाने जुना करार पूर्ण टाकून दिला. ठेवलं काय, तर कापलेलं लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं. रोमच्या मंडळीने इ.स. 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढलं. तुमचे बंधू मार्कियोन नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. मात्र "आपल्याला फक्त पौल" या वाक्याचं तोंड त्याच दिशेला आहे.

गंमत म्हणजे खुद्द पौलाला हे पटलं नसतं. कलस्सैकरांना तो सांगतो, हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं करा, आणि लावदिकीयाहून येणारं पत्र तुम्हीही वाचा (4:16). कलस्सैकरांचं पत्र लावदिकीयाच्या लोकांनी वाचायचं! पत्ता एकाचा, वाचणारे आणखी कितीतरी, आणि हे लिहिणाऱ्यालाच हवं होतं. रोमकरांस पत्रात तर (15:4) तो जुन्या कराराविषयी म्हणतो, की पूर्वी जे लिहिलं गेलं ते आपल्या शिक्षणासाठी लिहिलं गेलं, धीर आणि आशा मिळावी म्हणून. बंधूंच्या हिशेबाप्रमाणेही रोमकरांस पत्र 'आपलं' आहे. मग त्यातलं हे वचनही आपलंच की.

तुमच्या रेघ ओढलेल्या वचनाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः त्या वचनाशी चुकले आहे. एका मैत्रिणीचं मोठं ऑपरेशन होतं. मी कार्डावर यिर्मया 29:11 लिहून दिलं: तुझ्याविषयी देवाचे संकल्प हिताचे आहेत, तुला आशेचा शेवट मिळेल. ती गेली. काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याने ते कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोणासाठी होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मी पहिल्यांदा तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचला.

ते एक पत्र आहे, ताई. खरंखुरं, हाताने पाठवलेलं. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमातून राजाला, अधिकाऱ्यांना, कारागिरांना बाबेलला नेलं. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्यांना हे पत्र पाठवलं, आणि ते कोणाच्या हाती पाठवलं त्या दोन माणसांची नावंसुद्धा तिसऱ्या वचनात आहेत, एलासा आणि गमर्या. त्या दिवसांत हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगत होता, दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने काय लिहिलं? घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला कैद करून नेलं त्याच नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. आणि मग दहाव्या वचनात: सत्तर वर्षं. आपलं लाडकं अकरावं वचन त्याच्या नंतर येतं.

सत्तर वर्षं! हे पत्र ऐकताना जो चाळीस वर्षांचा होता, तो परत जाणार नव्हता. त्याने लावलेल्या झाडाची फळं खाऊन त्याची नातवंडं परतणार होती. आणि 'तुमच्याविषयी' हा शब्द हिब्रूत अनेकवचनी आहे. एकट्या माणसाच्या ऑपरेशनची, नोकरीची, परीक्षेची ती हमी नव्हती. उद्ध्वस्त झालेल्या एका समाजाला देव सांगत होता, की मी तुम्हाला टाकलेलं नाही, पण घाईही करणार नाही, आणि तोवर तुम्ही झाडं लावा.

म्हणजे बंधूंचं बरोबरच, ते पत्र बाबेलच्या बंदिवानांना आहे. पण ते कळल्यावर मी रेघ खोडली नाही, ती वर ओढत चौथ्या वचनापर्यंत नेली. मैत्रिणीच्या नवऱ्याला मी नंतर एवढंच सांगू शकले, की हे वचन मी जसं वापरलं तसं ते नव्हतं, ज्यांना आपल्या डोळ्यांनी सुटका दिसणार नव्हती त्यांना ते लिहिलं होतं. तो म्हणाला, "मग ते मला चालेल." पत्ता कळल्यामुळे वचन लांब गेलं नाही. उलट नेमक्या माणसाच्या हातात पडलं.

आता मुलाचा प्रश्न. त्याने बरोबर जागी बोट ठेवलंय, त्याला गप्प करू नका. लेवीय 19 काढून त्याच्याबरोबर बसा. अठराव्या वचनात आहे, "तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर." एकोणिसाव्यात, दोन जातींच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नको. अगदी लागून. वचनांना आकडे पडले तेच मुळी फार नंतर (नव्या कराराला ते 1551 मध्ये, रोबेर एस्तिएन या मुद्रकाने दिले), त्यामुळे मूळ वाचकाला या दोन वाक्यांच्या मधे आकडासुद्धा दिसत नव्हता. मग आपण एक का धरतो आणि एक का सोडतो? आपल्या सोयीने नाही. पुढे काय झालं ते बघायचं. शेजाऱ्यावरच्या प्रीतीची आज्ञा येशू उचलतो, पौल रोमकरांस 13 मध्ये उचलतो, याकोब तिला राजमान्य नियम म्हणतो. कापडाची आज्ञा नव्या करारात कोणीच उचलत नाही. इस्राएल हे इतर राष्ट्रांपासून वेगळं काढलेलं राष्ट्र आहे याची ती खूण होती, आणि यहूदी व परराष्ट्रीय यांच्यामधली भिंत ख्रिस्ताने पाडली असं इफिसकरांस 2 सांगतं, तेव्हा त्या खुणेचं काम झालं होतं.

त्याच अध्यायात नववं आणि दहावं वचनही आहे: पीक कापताना शेताचे कोपरे अगदी काठापर्यंत कापू नका, गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. मुलाला विचारा, आपल्याकडे शेत नसेल तर हे वचन संपलं का? त्याला त्याचं उत्तर शोधू द्या. माझा अनुभव असा, की मुलं इथे आपल्यापेक्षा चांगलं उत्तर देतात.

आणि आता प्रार्थना.

बंधूंचा मुद्दा बहुतेक असा असेल: मत्तय सहामध्ये येशू म्हणतो, आम्ही आपल्या ऋण्यांस सोडलं आहे तशी आमची ऋणं सोड, म्हणजे क्षमेला अट आहे. इफिसकरांस 4:32 मध्ये पौल म्हणतो, ख्रिस्तात देवाने तुम्हाला क्षमा केली तशी तुम्हीही करा. म्हणजे क्षमा आधीच मिळालेली आहे. म्हणून पहिलं नियमशास्त्र, दुसरं कृपा. स्कोफिल्ड यांची टीप हेच सांगते. (त्याच स्कोफिल्ड यांनी डोंगरावरच्या प्रवचनात ख्रिस्ती माणसासाठी सुंदर नैतिक बोध आहे असंही लिहिलंय. ते वाक्य वर्गात क्वचितच वाचलं जातं.)

येशू वधस्तंभापूर्वी नियमशास्त्राच्या काळात वावरत होता, हे खरंच आहे. बरं केलेल्या कुष्ठरोग्याला तो सांगतो, जा, याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर. ते त्या माणसाला होतं. आज कुठलंही दुखणं बरं झाल्यावर कोणी यरुशलेमात अर्पण न्यायचं नाही, आणि ते मंदिरही इ.स. 70 मध्ये पडलं. पण प्रार्थना तशी एका माणसाला, एका दिवसापुरती दिलेली नाही. मत्तयने आपलं पुस्तक लिहिलं तेच वधस्तंभानंतर काही दशकांनी, मंडळीसाठी. ते पुस्तक संपतं कसं? सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, आणि जे काही मी तुम्हाला आज्ञापिलं ते सर्व पाळायला शिकवा. सर्व राष्ट्रं, आणि सर्व काही. डोंगरावरचं प्रवचन त्या 'सर्व'मधून वगळायचं असतं, तर मत्तयने ते तीन अध्याय भरून लिहिलं कशाला?

क्षमेच्या अटीचं म्हणाल तर मत्तय 18 मधला दाखला वाचा. राजा एका दासाचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब करून बघा, सहा कोटी दिवसांची मजुरी होते. तोच दास बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. राजाची क्षमा आधी आली, दासाने काहीही करण्याच्या आधी. पौल इफिसकरांना सांगतो तेच येशू गोष्टीतून सांगतोय. दोन युगांचे दोन देव नाहीत.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनीही हे असंच समजून घेतलं. 'डिडाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिच्यात मंडळीला सांगितलंय: ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. वधस्तंभ आणि पुनरुत्थान होऊन गेल्यावर, पौलाची पत्रं मंडळ्यांत फिरू लागल्यावर, ते लोक हीच प्रार्थना म्हणत होते.

बंधूंशी वाद घालायला जाऊ नका. ते प्रामाणिक आहेत असं तुम्हीच लिहिलंय आणि मला ते पटतं. पुढच्या बैठकीत फक्त दोन वचनं काढून विचारा: कलस्सैकरांस 4:16 आणि मत्तय 28:20, या दोन्हींचं आपण काय करायचं? विचारा आणि त्यांना वेळ द्या. कदाचित तेही विचार करतील. नाही केला, तरी वर्गातल्या कोणीतरी ऐकलेलं असेल.

आज रात्री आईजवळ बसाल तेव्हा तिचा हात हातात घ्या. ती "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणेल. 'माझ्या' नाही, 'आमच्या' आहे तो शब्द, आणि 'आमच्या' एकटीने म्हणायला अवघड जातं. तुम्ही तिच्या आवाजात आवाज मिसळा, ती जिथे थांबेल तिथे थांबा, आणि तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्या.